नथूच्या तेवीस गाठी

नथू माझा चुलत भाऊ, आणि त्याला कल्पना सुचत. हे मी तक्रार म्हणून सांगतो आहे.

किन्हवलीच्या शाळेतल्या मास्तरांनी त्याला एकदा सांगितलं होतं की नवं सुचायला हुशारी लागत नाही, सवय लागते. रोज नेहमीची वाट सोडून चालायचं, दिसेल त्या गोष्टीला ‘हे असंच का?’ असं विचारायचं, आणि सुचलेलं वाईट म्हणून टाकायचं नाही, टिपून ठेवायचं. मास्तर बोलून मोकळे झाले. नथू दुसऱ्या दिवसापासून रानातून घरी यायला दोन तास जास्त घेऊ लागला.

नथू स्वतः शाळेत गेलेला नव्हता. लिहिता येत नव्हतं, म्हणून टिपायला त्याने वाखाचा एक जाड दोर घेतला. अवसेला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी नथू ओट्यावर बसून महिनाभरात सुचलेल्यातलं एक निवडायचा आणि दोराला गाठ मारायचा. कुठली गाठ कशाची, हे त्याला तोंडपाठ होतं. केलं मात्र त्यातलं एकही नव्हतं. विचारलं तर म्हणे, “आदी सुचू दे तरी.”

महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी चैत्राची अवस झाली तेव्हा दोरावर तेवीस गाठी होत्या आणि आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. नथूची बायको हिराबाई, तिचा पोहऱ्याचा दोर चार हात कमी पडू लागला. तिने नथूचा दोर जोडायला मागितला.

“त्यो नाय,” नथू म्हणाला. “भिजला तर गाठी फुगतील. कंची कशाची, कळायचं नाय.”

हिराबाई वाद घालत बसणारी नव्हती. पायऱ्या म्हणून भिंतीतून बाहेर सोडलेल्या दगडांवरून ती घागर घेऊन विहिरीत उतरली. ती तळाला पोचली आणि त्यातले तीन दगड निखळून खाली पडले. मी बैलांना पाणी पाजायला तिथेच आलो होतो. मी हाक मारली तसा नथू धावत आला.

ती गुडघाभर चिखलात भिंतीला चिकटून उभी होती. भिंतीतून माती सुटत होती. बघता बघता आणखी एक दगड तिच्या खांद्याजवळून गेला.

“नथू, सुचव रे कायतरी!” मी ओरडलो. हे मी त्याला जन्मात पहिल्यांदा म्हणत होतो. त्याने विहिरीला एक फेरी घातली, मग दुसरी.

खालून हिराबाई म्हणाली, “तुमचा त्यो दोर टाका.”

दोर आला. एक टोक काठावरच्या आंब्याला बांधलं, पहिल्या गाठीकडचं खाली सोडलं. तिला ओढून घ्यायची सोय नव्हती. दोर काठावर घासला असता आणि राहिलेली भिंतही तिच्या अंगावर आली असती. तिलाच चढायचं होतं, वरची गाठ धरून आणि खालच्या गाठीवर पाय टेकून. चार गाठी ती सरसर चढली. मग थांबली.

नथू काठावर पालथा पडला होता. “वर बघ गो. खाली नको बघू.”

“वर काय बघू? ही गाठ कशाची?”

“पाचवी. बुजगावण्याला रोज नवी जागा द्यायची. पाखरांना वाटंल, मानूस कामाला लागलाय.”

ती एक गाठ वर आली. “ही?”

“भाताच्या रोपासाठी राब भाजताना त्याच इस्तवात वांगी.”

“आन् ही?”

“म्हशीला पावसात इरलं.”

दोन वर्षांत तिने त्याची एकही कल्पना पुरती ऐकून घेतली नव्हती. आता तिला उठून जाता येत नव्हतं. मला एरवी हसू आलं असतं, पण मी घाबरलो होतो.

ती सतराव्या गाठीशी आली तसा नथूने वरून हात खाली केला.

“ही कशाची?”

“ती काय नाय. तू वर ये.”

“सांगा. त्याबिगर मी हलायची नाय.”

खाली पाण्यात एक दगड पडल्याचा आवाज आला.

“हिरीला शिडी,” नथू म्हणाला. “बांबूची.”

“कदी मारली गाठ?”

“दिवाळीच्या अवसेला.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग राहिलेल्या गाठी ती काही न विचारता चढली.

वर आल्यावर तिने लुगड्याचा चिखल पिळला आणि माझे बैल पाणी प्यायले का, ते विचारलं. नथू मात्र आमच्या दोघांच्या देखत मोठ्याने रडला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत विहिरीत शिडी लागली. केलेल्या कामाची गाठ सोडायची असं ठरवून नथू ओट्यावर दोर घेऊन बसला. सतरावी गाठ त्याने नखांनी ओढून पाहिली, मग दातांनी. हिराबाईच्या भाराने ती गच्च आवळली होती.

“सुटत नाय गो,” तो म्हणाला.

“ऱ्हाऊ द्या ती,” घरातून हिराबाई म्हणाली. “बाकीच्या बाविसांचं बघा.”