पहिला पेला

घड्याळजीला विहीर घ्यायची नव्हती. घ्यायची होती ती त्याच्या बायकोला.

विहीर म्हणजे तरी काय? गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या झाकणाखालचा खोल अंधार, शेजारी डिझेलचा पंप, वर टाकी आणि टाकीतून घराघरांत गेलेले नळ. धनी पाणीकाका. आता एकट्याने निभत नाही, बहिणीकडे जाऊन राहतो, असं म्हणत त्यांनी पहिला शब्द शेजारच्या घड्याळजीकडे टाकला होता.

"घेऊन टाकू या," बायको म्हणाली. "उद्या कुणी परका घेईल आणि घोटाघोटाला नाचवेल."

"अगं, आजवर माझ्या हातून बिघडली ती लोकांची घड्याळं. उद्या पोटं बिघडली तर तोंड कुठे लपवू?"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस! मागे रॉकेलचा वास येतो म्हणून अख्खं घर रस्त्यावर काढलंत. निघालं काय? तुमच्याच बोटांचं तेल!"

वरच्या खोलीतून लेक खुदकन हसली. तिचे दिवस भरत आले होते. सकाळी उठल्या उठल्या ती नळाखाली पेला धरायची आणि गटागटा प्यायची. तो आवाज खाली दुकानात ऐकू आला की घड्याळजीच्या हातातला चिमटा थबकायचा. एका पेल्यावर दोन जीव.

बायको भांडी घासता घासता गुणगुणत होती:

आडाच्या पाण्या बाई, तुझा थांग ना लागला
एका घोटासाठी जीव, सारी रात गं जागला

रात्री गाणारी गाढ झोपली होती; जागला होता तो घड्याळजी.

"बघून तरी या," सकाळी तिने त्याला दाराबाहेर ढकललं. "नुसतं बघितल्याने विहीर गळ्यात पडत नाही."

पाणीकाकांची एक रीत होती. टाकी भरली की पहिला पेला स्वतः घ्यायचे. हुंगायचे, घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि मगच चाक फिरवून नळ सोडायचे. "पहिला माझा, मग गल्लीचा." त्या एका पेल्याच्या भरवशावर सगळी गल्ली निर्धास्त होती. घड्याळजीसुद्धा, त्याला जमेल तेवढा.

त्याने काकांचं दार लोटलं आणि डोळ्यांत धूर गेला. शेगडीवर दूध करपून कोळसा झालं होतं. काका हातभर अंतरावर, शेगडीकडे पाठ करून, निवांत चप्पल शिवत बसले होते.

"काका, दूध!"

काका दचकून वळले. "हां हां, आला मघाशीच वास. उठणारच होतो."

चालतं घड्याळ हातात बंद पडावं तसं घड्याळजीच्या आत काहीतरी थांबलं.

टाकीपाशी काकांनी पेला भरला, हुंगला, प्याला. "अमृत! घे, चाख. उद्यापासून तुलाच चाखायचंय."

त्याने पेला नाकाशी नेला. तेल! अगदी पुसट, लांबून आल्यासारखा वास. त्याने बोटं हुंगली. बोटांनाही तेलच. मग वास बोटांचा, पाण्याचा, की आपल्या भित्र्या जिवाचा? त्याने पेला कठड्यावर ठेवला, हात पाठीमागे बांधले आणि वाकून नुसतं नाक लावलं.

"गाय आहेस का रे?" काका हसले.

वास होता. की नाकातच बसला होता? बायकोचं, लेकीचं, गल्लीचं हसू त्याच्या कानांत घुमू लागलं. काकांचा हात चाकावर गेला. 'थांबा' हा शब्द त्याच्या ओठांशी आला आणि तिथेच सुकला. चाक फिरलं. नळाला उचकी लागली. समोर, घराच्या वरच्या खिडकीत, लेकीच्या हाताने पेला उचलला.

घड्याळजी चाकावर झेपावला आणि दोन्ही हातांनी ते उलटं पिळलं.

"अरे, वेड लागलं का?"

"विहिरीचं झाकण काढा, काका."

झाकण निघालं. आत पाण्यावर रंगीत तवंग हलत होता, मोरपिसासारखा देखणा. पंपाच्या डिझेलच्या डब्यापासून एक ओली रेघ फरशीवरून निघून झाकणाखालच्या भेगेत उतरली होती.

"तुम्हाला वास कधीपासून येत नाही?"

काका कठड्यावर बसले. "तापात पडलो होतो ना, तेव्हापासून. चवही गेली. म्हणून तर विकतोय."

"मग सांगायचं नाही?"

"वास न येणाऱ्याच्या विहिरीला गिऱ्हाईक कोण, बाबा?"

"आणि रोजचा पेला?"

"लोक खिडकीतून बघतात रे," काका पुटपुटले. "न पिऊन कसं चालेल?"

घड्याळजीच्या तोंडचं पाणी पळालं. डबा गळतोय कधीपासून? आजपासून? आठवड्यापासून? रोज सकाळचा तो गटगट आवाज त्याला एकामागून एक ऐकू येऊ लागला.

तोवर बादल्या घेऊन गल्ली जमली. कानामागे साबणाचा फेस घेऊन न्हावी सगळ्यांत पुढे. "पाणी कुणी बंद केलं?"

काकांनी मान खाली घातली.

"मी," घड्याळजी म्हणाला.

"विहीर काय तुझ्या बापाची आहे?"

"माझी आहे." जीभ बोलून गेली, मग त्याला कळलं. "सगळी उपसून साफ होईपर्यंत नळ सुटणार नाही. घरात भरलेलंही ओतून द्या. पाण्यात डिझेल गेलंय."

न्हाव्याने वाकून आत पाहिलं आणि बादली खाली ठेवली.

गर्दीतून बायको पुढे आली. "घेतलीत म्हणजे?"

"घेतली कुठे? घाबरलो गं."

ती एरवी हसली असती. तिने एकदा तवंगाकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "मग तुम्हीच घ्यायला हवी," ती हळूच म्हणाली.

तो धापा टाकत जिना चढला. लेक रिकामा पेला घेऊन बसली होती. "बाबा, पाणी गेलं."

"कालचं कसं लागलं होतं? वास होता?"

"हल्ली मला सगळ्याचाच वास येतो. पाण्याचा तेवढा नव्हता." मग ती थांबली. "नव्हता बहुतेक. का हो?"

मागून आलेल्या बायकोने लेकीच्या पोटावर हात ठेवला.

"हलतंय?" त्याने दारातूनच विचारलं.

"हलतंय."

त्याने तेलकट बोटं सदऱ्याला पुसली. खाली बादल्या वाजत होत्या, गल्ली त्याला हाका मारत होती. तो जागचा हलला नाही.

"आणि आत्ता?"