भट्टी ठणठणीत आहे

मॅडमनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाटल्यांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. हातमोजे, चष्मे, नटबोल्ट, झाडू, सगळं माझ्या खिडकीतून जातं. केस पांढरे झाले, पण ऑफिसातल्या खुर्चीला माझं बूड कधी लागलं नव्हतं. बोलावणं आलं की उभ्यानं ऐकायचं, उभ्यानं मान हलवायची, आल्या पावली परत. आणि आज खुर्ची, वर चहा, तोही बशीसकट! बकऱ्यापुढे जास्तीचा पाला पडला की बकऱ्यानं समजून जावं. पण बकरा आधी पाला खातो, मग विचार करतो. मीही चहा पिऊन टाकला.

"तुम्हाला सगळे लोणकढे म्हणतात ना?" मॅडमनी हसत विचारलं.

"प्रेमानं म्हणतात."

"थापा मारता म्हणून म्हणतात."

"तेच ते."

आता माझ्या थापा म्हणजे काय, तर निरुपद्रवी माल. शेजाऱ्याच्या कोंबडीनं घड्याळ गिळलं आणि तेव्हापासून ती ठोक्याला अंडं देते. भट्टीच्या धगीनं माझी मिशी कुरळी झाली, ती बायकोनं इस्त्रीखाली धरून सरळ केली. लोक ऐकतात, हसतात, "चल रे लोणकढ्या" म्हणून पाठीत धपाटा घालतात आणि कामाला लागतात.

मॅडम कारखान्यात नव्या होत्या. दारावर 'संवाद अधिकारी' अशी पाटी. त्या आल्या आणि आमच्या भिंतींना कंठ फुटला. तोवर भिंतीवर 'थुंकू नये' याखेरीज काही लिहिलेलं नसायचं. मॅडमनी पहिला कागद चिकटवला तो असा: 'आपली भट्टी पूर्णपणे सुरक्षित आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये. व्यवस्थापनाला प्रत्येक कामगाराची काळजी आहे.'

त्या दिवसापर्यंत भट्टीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. कागद वाचला आणि जो तो विचारायला लागला, "काय रे, अफवा कसली?" कोणी काही विचारलेलं नसताना नवरा घरात शिरता शिरता म्हणाला, 'आज मी कुठ्ठे गेलो नव्हतो हं', तर बायकोनं काय समजायचं? तसंच झालं. अफवा नव्हती, ती शोधायला माणसं निघाली आणि शोधणाऱ्याला सापडतेच. भट्टीच्या मागच्या भिंतीला म्हणे तडा गेला होता.

आमची भट्टी म्हणजे खोलीएवढं कुंड. आत काच वितळून पाकासारखी उकळत असते आणि तिला अडवून धरते ती फक्त जाड विटांची भिंत. ही भट्टी कधी विझवत नाहीत. विझवली तर काच आतच थिजते, मग सगळं फोडून नव्यानं बांधेपर्यंत कारखान्याला कुलूप. म्हणून भट्टीचं नाव निघालं की मोठ्या साहेबांच्या पोटात गोळा येतो. तो माणसांसाठी की मालासाठी, हे विचारायचं नसतं.

"ही तड्याची बातमी तुम्ही उठवलीत?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो! या खेपेला मी नाही."

"मग उठवा."

"आँ?"

"तुमच्या पद्धतीनं सांगा, मीठमसाला लावून. माणूस ज्याला हसतो त्याला भीत नाही. लोकांची भीती घालवाल तुम्ही. पुण्याचं काम आहे."

संशय मला होता, खोटं कशाला सांगू. पण स्तुती बशीत ओतून दिली की संशयावर फुंकर मारून ती पिता येते. जेवणाच्या सुट्टीत मी सुरू झालो. तडा एवढा मोठा आहे की त्यात मांजरीनं पिलं घातलीत. पिलं काचेची निघाली, दूध प्यायली की पोटात दिसतं. साहेबांनी तड्यात डोकावून "कोण आहे?" विचारलं, तर आतून आवाज आला, "आधी अर्ज करा." माणसं डबे बाजूला ठेवून हसली. वर खिडकीत मॅडम उभ्या होत्या, त्याही हसल्या.

अफवा त्या आठवड्यातच मेली. कोणी नुसतं 'भिंत' म्हणालं तरी बाकीचे ओरडायचे, "लोणकढ्याकडून आलास वाटतं!" मॅडम इतक्या खूष झाल्या, की पाळी बदलताना आवारात माईकवरून त्या जे दोन शब्द बोलायच्या, त्याआधी रोज एक किस्सा सांगायला त्यांनी मला उभं केलं. माझी छाती अशी फुगली, की माईक लांब धरावा लागायचा.

आणि मग एका संध्याकाळी लेक आणि जावई घरी आले.

आमचे जावईबापू भट्टीवरच कामाला. मागच्या भिंतीपाशी त्यांचं लोखंडी स्टूल. तिथं बसून ज्योत आणि ताप बघायचा, हे त्यांचं काम. बोलके आहेत, पण त्या दिवशी ताटाला हात लावेनात.

"मामा," शेवटी म्हणाले, "मॅडमनी तुम्हाला काय दिलं?"

"चहा दिला. का हो?"

"एका चहावर विकलंत आम्हाला?"

लेकीनं मान खाली घातली.

"मी त्या भिंतीची वीट लाल झालेली पाहिली, मामा. बाहेरून. निखाऱ्यासारखी. मुकादमांना सांगायला गेलो, तर ते म्हणतात, मांजरीची पिलं बरी आहेत ना? सगळी पाळी हसली. मी डोळ्यांनी बघितलेलं तुमच्या मांजरीनं खाल्लं."

बायको ताक वाढता वाढता म्हणाली, "मी तेव्हाच म्हणाले होते. यांना खुर्ची मिळाली म्हणजे कुणाचं तरी घर बसणार."

"मग तुम्ही जाऊच नका ना उद्यापासून," लेक नवऱ्याला म्हणाली.

"मी उठलो तर त्या स्टुलावर दुसऱ्याला बसवतील. तोही कोणाचा तरी जावईच असेल."

मामा म्हणतात मला, पण मामा बनला होता तो मीच.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो तो डोळ्यांत तेल घालून. आणि एकदा संशयानं बघायला लागलं, की जे रोज दिसत होतं तेच वेगळं दिसतं. माझ्याच स्टोअरातून मुकादम मोठे पंखे घेऊन गेला होता. "उकाडा होतोय," म्हणाला होता. इतकी वर्षं माणसं भट्टीपुढे भाजली, कोणाला उकाड्यासाठी पुठ्ठासुद्धा मिळाला नव्हता. मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. पंखे गरगर फिरत होते, पण त्यांची तोंडं माणसांकडे नव्हती. भिंतीकडे होती.

हिशेबाचं ऑफिस भट्टीशेजारून उठून फाटकापाशी गेलं होतं. का, तर रंग द्यायचाय. रंगाचा एक डबा माझ्या खिडकीतून गेलेला नाही! साहेबांची गाडीही आता फाटकाकडे तोंड करून उभी असायची. आधी ती झाडाच्या सावलीत असे, कशीही.

मी तडक मॅडमकडे गेलो. या वेळी खुर्ची मिळाली नाही, कारण खुर्च्याच नव्हत्या. मॅडमच्या खोलीतलं सामान फाटकाकडच्या नव्या खोलीत चाललं होतं. हातात एक कुंडी घेऊन त्या उभ्या होत्या.

"मॅडम, भिंत खरंच गेलीय का हो?"

"साहेब म्हणतात नाही."

"आणि तुम्ही?"

"साहेब जे सांगतात ते लोकांपर्यंत नेणं माझं काम. ते खरं आहे का, हे मला कोणी विचारत नाही." मग कुंडीकडे बघत हळूच म्हणाल्या, "मोठी ऑर्डर आहे. तेवढी गेली की दुरुस्ती करणारच आहेत."

म्हणजे ऑर्डर आधी बाहेर जाणार की काच, यावर पैज लागली होती. आणि पैजेत स्टूल आमच्या जावयाचं.

जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर चढलो. "ऐका रे, आज गंमत नाही. भिंत खरंच गेलीय. उठा, बाहेर पडा!"

असा हशा पिकला म्हणून सांगू!

"माझ्या पांढऱ्या केसांची शपथ!"

"ते पण काचेचेच ना रे?"

"लेकीची शपथ, मूर्खांनो!" माझा आवाज फुटला, डोळ्यांत पाणी आलं. त्यावर टाळ्या पडल्या. बाटल्या निवडणाऱ्या बायकांमधली थोरली बाई, जिला सगळे आत्या म्हणतात, ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, नाटकात का नाही गेलास!"

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या पोराला निदान लांडग्यानं चहा पाजला नव्हता.

घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. बायकोनं विचारलं, "बरं नाही का?"

"बरा आहे. एकदम बरा."

तिनं लगेच कपाळाला हात लावून पाहिला. "म्हणजे नक्कीच काहीतरी झालंय. तुम्ही दुखतंय म्हणालात तर मी लक्ष देत नाही. बरा आहे म्हणालात की पोटात धस्स होतं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बाई, म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं!

दुसऱ्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला आवार गच्च भरलं होतं. एक पाळी घरी निघालेली, एक आत चाललेली. सगळ्यांची तोंडं आधीच हसरी. मॅडम माझ्या शेजारी उभ्या. मी खिशातून त्यांचाच कागद काढला, येता येता भिंतीवरून सोलून आणलेला, आणि वाचायला लागलो. मिशी हलू दिली नाही, डोळा मिचकावला नाही.

"आपली भट्टी पूर्णपणे सुरक्षित आहे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्यांनी वळून बघितलं.

"अफवांवर विश्वास ठेवू नये. व्यवस्थापनाला प्रत्येक कामगाराची काळजी आहे."

आता कोणी हसेना. हातातल्या डब्यांची झाकणंसुद्धा वाजेनात.

मी कागदाची घडी घातली आणि एक वाक्य पदरचं टाकलं. "भट्टी ठणठणीत आहे, मंडळी. मनात काही न आणता कामावर जा."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं दुधात पडलेल्या माशीकडे बघतात. मग पदर खोचला. "अगं बायांनो, लोणकढ्या म्हणतोय सुरक्षित आहे! चला, उचला पिशव्या."

धावपळ नाही की आरडाओरडा नाही. सगळी माणसं वळली आणि फाटकाकडे चालायला लागली. आत चाललेली पाळीही वळली. मुकादम "अरे, अरे" करत मागे गेला तो परत आलाच नाही. फाटकावरचा पहारेकरी मला विचारायला आला, "काका, खरंच ठणठणीत आहे?" मी म्हणालो, "हो." त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि तोही चालू लागला.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "काय केलंत हे?"

"तुमचाच कागद वाचला, मॅडम. एक अक्षर गाळलं नाही."

"आणि शेवटचं?"

"तेही तुमच्याच बाजूनं बोललो ना?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. जणू आपणच लिहिलेलं पहिल्यांदा बघत होत्या. मग पर्स खांद्याला अडकवून त्याही गर्दीच्या मागे गेल्या.

राहिले कोण? आमचे जावईबापू. त्यांची पाळी सुटायची होती आणि ज्योत बंद केल्याशिवाय ते स्टूल सोडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी दारातून हाका मारल्या. आत पंखे नुसते घोंघावत होते. मग काहीतरी तड् करून वाजलं, थंड पेल्यात उकळता चहा ओतल्यावर वाजतं तसं, पण पेला घराएवढा. पाठोपाठ सळसळ. आयुष्यात पहिल्यांदा मला एकही थाप सुचेना.

आणि धुरातून जावई आले, चालत. भुवया जळालेल्या, हातात चप्पल.

"ज्योत बंद केली," म्हणाले. "चला."

काच वाहत आली ती स्टुलापर्यंत, आणि तिथं थिजली. लोखंडी पाय काचेत रुतलेलं ते स्टूल अजून तसंच आहे. यात थाप नाही. त्या काचेत मांजर रोज आपल्या मिश्या बघायला येतं, ती थाप आहे.

आम्ही लेकीच्या घरी पोचायच्या आधी भट्टी फुटल्याचा आवाज तिथं पोचला होता. दाराला आतून कडी. मी हाक मारली. लेक दारामागे उभी असणार, तिचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही एकटेच आहात का? खरं सांगा, यांना काही झालं नाही ना?"

काही झालं नाही, एवढंच सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं, तर पोर तिथंच कोसळली असती. मी जावयाच्या जळक्या भुवयांकडे पाहिलं, घसा साफ केला.

"झालं ना बाई! तुझा नवरा साफ काचेचा झालाय. दार हळू उघड, नाहीतर तडकेल. आणि चहा गरम देऊ नकोस!"

आत ती खळखळून हसली, आणि कडी निघाली.