पाणी जुनं होईपर्यंत

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, पावसाळा सरता सरता, सरलाबाई मुंबईहून ब्राह्मणपुरीला परत आली. सोबत एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि गोणपाटात गुंडाळलेली काचेची टाकी. नवरा नव्हता. भिकन ऐन श्रावणात छातीत कळ येऊन गेला होता.

भिकन म्हणजे पाटलांच्या घरातला थोरला. कापूस-केळीत त्याचं मन कधी लागलंच नाही. लग्नानंतर वर्षभरातच तो बायकोला घेऊन मुंबईला निघून गेला आणि वरळीला एका पारशी शेठजींच्या बंगल्यात राहिला. शेठजींना समुद्राचे मासे काचेच्या टाक्यांत पाळायचा नाद होता. त्या टाक्या सांभाळणं हेच भिकनचं काम. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी शेठजी बाहेर गेले की नवरा-बायको टाक्यांसमोर येऊन बसायची. एरवी चार शब्दांवर न जाणारा भिकन तिथं बसला की बोलू लागायचा. कोणता मासा रुसलाय, कोणाला नवं बिऱ्हाड मानवलं नाही, असलं काहीबाही. सरलाबाईचा सगळा संसार त्या बोलण्यात झाला.

भिकन गेल्यावर शेठजींनीही बंगला आवरायला काढला. "तुला काय पाहिजे ते घेऊन जा," म्हणाले. तिनं सगळ्यात लहान टाकी मागितली.

नंदुरबार स्टेशनावर दीर चुनीलाल बैलगाडी घेऊन आला होता. वहिनीच्या पाया पडला आणि गोणपाटाला हात लावून म्हणाला, "यामा काय शे, वहिनी?"

"काच शे, भाऊ. जपा."

बैल हाकायचं काम गड्यावर सोडून, तापी ओलांडून घरापर्यंत तो ती टाकी मांडीवर धरून बसला. एवढ्या वाटेत दोघं भिकनविषयी एक अक्षर बोलली नाहीत.

घरात तिला मागची पडवी मिळाली. धाकटी जाऊ जसोदाबाई स्वभावानं वाईट नव्हती. वेळेवर ताट वाढायची, लुगडं धुऊन द्यायची. पण वीस वर्षं मुंबईत काढून आलेल्या जावेशी काय बोलायचं, हे काही तिला सुचायचं नाही. सरलाबाईलाही सुचायचं नाही. शेजारणी भेटायला आल्या, डोळ्यांना पदर लावून गेल्या, आणि मग कोणी येईनासं झालं. सबंध दुपार पडवीत बसून ती भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या टाकीकडे बघायची.

एके दिवशी चुनीलाल कापसाच्या कामानं सुरतेला निघाला. सरलाबाई दाराशी येऊन उभी राहिली. आल्यापासून तिनं पहिल्यांदाच काही मागितलं.

"भाऊ, सुरतजवळ डुमसना समिंदर शे. तठेनं पानी आनशात का?"

चुनीलालनं का म्हणून विचारलं नाही. लोणच्याच्या मोठाल्या चिनी मातीच्या बरण्या घेऊन गेला आणि समुद्राच्या पाण्यानं भरून, तोंडाला फडकी बांधून घेऊन आला. स्टेशनावर हमालानं विचारलं म्हणे, "पाटील, कशाचं लोणचं?"

गढूळ पाणी सरलाबाईनं निवळू दिलं, टाकीत वाळू अंथरली, वर पाणी ओतलं. हवेसाठी चुनीलालनं सायकलची जुनी ट्यूब दिली. ती पंपानं फुगवायची आणि बारीक रबरी नळीनं तिच्यातली हवा हळूहळू पाण्यात सोडायची. भिकन वीज गेल्यावर असंच करायचा. सकाळ-संध्याकाळ ती पंप मारू लागली, तेव्हा गल्लीत हसू फुटलं. भिकनची बायको पाण्याला वारा घालते!

माणसं बघायला येऊ लागली. डोळे बारीक करून काचेत बघायची.

"मासा कोठे शेतस यामा?"

"आजून नही. पानी जुनं व्हवाले पाहिजे. नवं पानी मासाले खाई टाकस."

हे काही कोणाला पटायचं नाही. नदीला पूर येतो, सगळं पाणी नवंच असतं, मग तापीतले मासे काय मरतात? सरलाबाईला तरी कुठं नीट सांगता येत होतं! भिकन करायचा ते तिनं पाहिलं होतं, एवढंच. नव्या टाकीत तो जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू घालायचा, दुधाला विरजण लावावं तशी. मग काहीतरी सडू द्यायचा. पाणी गढूळ व्हायचं, घाण मारायचं, आणि एके दिवशी आपोआप निवळायचं. "आता याच्यात जीव आला," म्हणायचा, तेव्हाच मासा सोडायचा. सरलाबाईनं येताना डब्यातून ती वाळू आणली होती, पण रेल्वेच्या उकाड्यात आणि नंतर पडवीत ती ठणठणीत वाळून गेली. विरजणच मेलं. आता सगळं मुळापासून होणार होतं. ती थांबायला तयार होती. तिला दुसरं होतं तरी काय?

लोकांची येजा थांबली. उरली ती, आणि पलीकडची भिंत दिसेल असं स्वच्छ, मुकं पाणी.

चुनीलाल शेतातून येता-जाता पडवीत डोकावायचा. वहिनी दिसायची ती टाकीसमोर, पाट घेऊन, हात मांडीवर. तो तसाच निघून जायचा.

मार्गशीर्षात तो पुन्हा सुरतेला गेला आणि परत आला तो थेट पडवीत. पायांतले जोडेसुद्धा काढले नव्हते. हातात बरणी. चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

"वहिनी, दखा तर खरं! तुम्हनासाठे मासा लई उनू!"

बरणीत बोय माशाची पिल्लं होती. चंदेरी, बोटभर लांब. डुमसच्या कोळणीकडून मागून आणलेली. वाटेत प्रत्येक स्टेशनावर त्यानं फडकं सोडून त्यांना वारा दिला होता.

सरलाबाईनं आधी टाकीतल्या नव्या पाण्याकडे पाहिलं. "भाऊ..." ती म्हणू लागली.

"रोज तुम्ही रिकामा पानीकडे दखत बसतस. माले ते दखवत नही व्हतं."

आता काय सांगणार! बरणीत ठेवली तर गुदमरून जातील, टाकीत सोडली तर पाणी खाईल. तिनं ओंजळ ओंजळ करून पिल्लं टाकीत सोडली. चुनीलाल उकिडवा बसून बघत राहिला. पिल्लं काचेलगत सळसळली तसा तो मोठ्यानं हसला. ते हसणं मोडवेना, म्हणून ती गप्प बसली.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग एक पिल्लू वर येऊन तोंड उघडझाप करू लागलं. त्याचे कल्ले तांबडेलाल झाले होते. सरलाबाई पंप मारमारून घामाघूम झाली. थोडं पाणी काढून बरणीतलं उरलेलं घातलं. काही उपयोग झाला नाही. एकामागून एक सगळी गेली. शेवटचं गेलं तेव्हा चुनीलाल दारात उभा होता. त्यानं पाहिलं, मान खाली घातली आणि बैल सोडायला निघून गेला. त्यानंतर तो पडवीकडे फिरकला नाही.

सरलाबाईनं मेलेली पिल्लं काढून परसात पुरली, पण एक तसंच वाळूवर राहू दिलं. भिकन असंच करायचा. मनाला बरं वाटत नव्हतं, पण पाण्याला आता तेच लागणार होतं.

पाणी दुधाळ झालं. वास सुटला. आणि नेमकी एकादशी आली.

घर माळकऱ्यांचं. कांदासुद्धा जपून शिजायचा. जसोदाबाई देवापुढं बसली होती, ती तशीच उठून पडवीत आली. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी.

"मोठी बाई, आपला घरमा मासा सडस, नी तुम्ही दखत बसतस! माले देवपुढे बसवत नही वं!"

"थोडा दिवस, जसोदा. मंग वास जाई."

"थोडा दिवस कसाले? जिवंत व्हतात तधळ मी काही बोलनू का? आते तर मढं शे ते!"

जसोदाचं काही चुकत नव्हतं, हे सरलाबाईला कळत होतं. तिनं एवढंच विचारलं, "मळाना खोलीमा जाऊ का मी?"

जसोदाबाई गोंधळली. तिला टाकी जायला हवी होती, जाऊ नव्हे. पण हे बोलायला तिला शब्द सापडेपर्यंत सरलाबाईनं वळकटी बांधायला घेतली होती.

मळ्यातली खोली गावापासून लांब, विहिरीजवळ, चहूकडून केळीच्या बागेत बुडालेली. गड्यांनी पाणी बरण्यांत आणि ओली वाळू घमेल्यात भरून गाडीनं आणली. टाकी पुन्हा लावून झाली आणि गाडी निघून गेली. मग जी शांतता पडली ती सरलाबाईनं जन्मात ऐकली नव्हती. मुंबईत लाटांचा आवाज असायचा. घरात निदान भांडी वाजायची. इथं केळीची फाटकी पानं एकमेकांना घासायची, तेवढंच. तिला भिकनची आठवण आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर रडू आवरायचं कारणच नव्हतं.

बागेच्या पलीकडे डोंगरातल्या मोलगीकडून कामाला आलेल्या भिल्लांच्या झोपड्या होत्या. त्यांतली दिवलीबाई विहिरीवर पाणी भरायला यायची. सरलाबाईपेक्षा थोडी मोठी असावी, अंगानं काटक. तिची बोली निराळी, पण मळ्यात राबून अहिराणी तोंडात बसली होती. एका संध्याकाळी घडा खाली ठेवून ती दारात आली. वासानं नाक मुरडलं नाही.

"कोन ऱ्हास यामा?"

"आते कोनी नही."

"मंग तू कोनले दखस?"

सरलाबाई पंप मारू लागली. दिवलीबाई उंबऱ्यावर टेकली. दुसऱ्या दिवशीही आली. दिवसभराच्या निंदणीनं आखडलेले पाय पसरून बसायची आणि पाण्याकडे बघायची. तिचे दोन्ही मुलगे कामासाठी गुजरातकडे गेले होते आणि कुठं आहेत ते तिला ठाऊक नव्हतं. हे तिनं एकदाच सांगितलं, सहज, पाऊस लांबला म्हणून सांगावं तसं. सरलाबाईनंही एकदाच भिकनचं सांगितलं. मग दोघी नुसत्याच बसू लागल्या.

थंडीभर पाणी गढूळच होतं. संक्रांत झाली, आणि मग रोज वाटायचं, कालच्यापेक्षा जरा बरं आहे का? काचेवर तपकिरी साय धरली. मग कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला. आधी दिवलीबाईनंच तो बोटानं दाखवला. वास ओसरत गेला. एका सकाळी सरलाबाईनं टाकीवर वाकून श्वास घेतला, तेव्हा कुजकेपणा कुठंच नव्हता. भरतीच्या वेळी वरळीच्या खिडकीतून यायचा तो ओला, खारा वास होता. तिनं पुन्हा पुन्हा वास घेतला. पाण्यात जीव आला होता.

होळी जवळ आली तशा झोपड्या रिकाम्या झाल्या. भिल्ल डोंगराकडे आपल्या होळीला निघाले. जाताना दिवलीबाईनं टाकीवर हात ठेवला. "मासा येतीन तधळ दखसू," म्हणाली, आणि बोचकं डोक्यावर घेऊन निघून गेली.

सरलाबाई त्याच दिवशी गावात गेली. चुनीलाल ओट्यावर दोर वळत होता. वहिनीला पाहून उठला, पण नजर वर करेना.

"भाऊ, पानी जुनं व्हयनं. आते मासा आनूत."

"माले सांगू नका, वहिनी. मन्हा हातथून मरी गयात त्या."

"तुम्हना हातथून नही. पानी नवं व्हतं. मी तव्हढंच बोलनू नही, ते मन्हं चुकनं." मग ती म्हणाली, "मी बी येस तुम्हनासंगे."

डुमसचा समुद्र वरळीसारखा नव्हता. काळी वाळू, चहासारखं पाणी, लांबवर ओहोटी. कोळीण पिल्लं धरायला गेली, तोवर दोघं वाळूवर अंतर ठेवून बसली. वाळूत बोटानं रेघा ओढत चुनीलालनं विचारलं, "भाऊ मन्ही याद काढे का कधी?"

भिकन घरचं नाव क्वचितच काढायचा. सरलाबाई आठवत राहिली. खोटं बोलायचं नव्हतं.

"एक मासा व्हता. हातमाईन खाऊ हिसकी ली जाये. त्याले दखीसनी म्हने, चुनी असाच मन्हा हातमाईन गूळ पयाडे."

चुनीलालनं तोंड फिरवलं. धोतराच्या सोग्यानं चेहरा पुसला. वारा होता, वाळू उडत होती. पण ती डोळ्यांत गेली नव्हती.

यावेळी पिल्लं मेली नाहीत. पहिले काही दिवस सरलाबाई घास गिळायलाही भीत होती. मग पिल्लं चरू लागली, काचेवरची हिरवी साय खरवडून खाऊ लागली, आणि तिनं मोकळा श्वास घेतला. चुनीलाल रोज बागेला पाणी द्यायच्या निमित्तानं येऊन जायचा.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, जसोदाबाई स्वतः मळ्यात आली. डब्यात पुरणपोळी आणि आंब्याचा रस. टाकीपुढं बसून तिनं बराच वेळ बघितलं.

"दिसाले सादाच शेतस वं."

"हां. सादाच शेतस." सरलाबाईला हसू आलं. मुंबईतले पिवळे-निळे, पट्ट्यांचे मासे तिनं जसोदेला कधी सांगितलेही नव्हते.

"आते वास नही. घर चला, मोठी बाई. सनना दिन एकलं ऱ्हावानं बरं नही."

ती मनापासून बोलत होती. सरलाबाईनं तिचा हात हातात घेतला, पण मान हलवली. आता हलवलं तर पाणी पुन्हा बिघडेल, म्हणाली. ते खरंच होतं. पण एवढंच खरं नव्हतं. भरल्या घरात, जेवणाच्या पंगतीशेजारी एकटं बसणं तिला इथल्या एकटेपणापेक्षा जड जायचं. हे जसोदेला सांगून तिचं मन दुखवायला नको होतं.

जसोदाबाई डबा ठेवून केळीतून निघून गेली. दिवलीबाई पेरणीनंतर येईल म्हणून सरलाबाई वाट बघत होती. पण त्या साली झोपड्यांत दुसरीच माणसं आली, आणि त्यांतल्या कोणाला ती माहीत नव्हती. ते पुढचं. त्या दिवशी गावाकडून झोक्यांवरच्या माहेरवाशिणींची गाणी वाऱ्यावर येत होती, मधेच तुटत होती. सरलाबाईनं पाट टाकीसमोर ओढला, ताटात पोळी घेतली आणि खाता खाता, बऱ्याच महिन्यांनी, भिकन बोलायचा तसं मोठ्यानं बोलू लागली. माशांतल्या एकाचं शेपूट जरा फाटलंय, दुसरा त्याला चरू देत नाही, असलं काहीबाही.