लाल दोरा

“धर गो बाय, धर! मारून टाकतील तिला!” चंद्रावती ओसरीवरून ओरडली.

भामाने पदर खोचून कोंबड्यांच्या गर्दीत हात घातला, आपल्या दोघी ओढून काढल्या आणि पुन्हा डालग्याखाली झाकल्या. तांबडीच्या पायातून रक्त येत होतं. चार दिवस हेच चाललं होतं.

गंमत अशी, की टोचणाऱ्या त्या नऊजणीही मुळात भामाच्याच. नवरा गेला, निकेशने गावातलं घर बिल्डरला दिलं आणि आईला नवीन पनवेलच्या फ्लॅटवर नेलं. तेव्हा नऊ कोंबड्या तिने शेजारच्या धाकट्या जावेला, चंद्रावतीला दिल्या आणि दोन हट्टाने बरोबर नेल्या. सहा महिने त्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत राहिल्या. मग सोसायटीचं पत्र आलं. सून काही बोलली नाही, पण निकेश म्हणाला, “आई, आठ दिवस काकीकडे राहा, त्यांना तिकडे सेट कर. रविवारी मी घ्यायला येतो.”

सहा महिन्यांत एका खुराड्यातल्या कोंबड्या एकमेकींच्या वैरिणी झाल्या होत्या.

चंद्रावती मनाने वाईट नव्हती, पण जीभ म्हणजे कोयता. “नाय जमला तर आयतवारी कालवन करीन. तू गेल्यावर रोज कोन राखन करील?” जाऊ थट्टा करत नव्हती.

त्या दिवशी दिवेलागणीला, अंधारात एक होतील म्हणून, भामाने दोघींना हळूच खुराड्यात सरकवलं. सकाळी पुन्हा तोच गोंधळ. मग मात्र ती हात न घालता क्षणभर नुसती बघत राहिली. चोची डोक्यावर नव्हे, पायावर बसत होत्या. दोघींच्या पायात लाल दोरा होता. फ्लॅटवर जाताना तिनेच बांधलेला, नव्या जागी दृष्ट लागू नये म्हणून. लाल दिसलं की कोंबडी टोचणारच. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या बाईला एवढं कळू नये?

“मीच गो त्यांची वैरीन,” म्हणून ती रडायला लागली.

चंद्रावतीने कातर आणून दिली. “रडतेस काय? काप. आन चुलीतली राख घे, सगल्यांना चोल. सगल्या सारक्या दिसल्या का घरची कोन न भायेरची कोन, वलकत नाय.”

दोघी जावांनी अकराही कोंबड्या धरून धरून राखेने माखल्या. राख नाकात जाऊन दोघी शिंकल्या आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

रविवारी सकाळी चंद्रावतीने कणी टाकली, तेव्हा अकराजणी एका जागी टिपत होत्या. एकीने एकदा चोच उगारली, तेवढंच. फाटकाशी निकेशची गाडी येऊन थांबली.

“बाय, हाक मार की,” चंद्रावती हळूच म्हणाली. “तुज्या दोगी येतील धावत. बघून जा.”

हाक भामाच्या ओठांवर आलीच होती. पण नऊजणींना आता चंद्रावतीचा आवाज अंगवळणी पडला होता. भामाच्या हाकेला तिच्या दोघीच कळपातून फुटून आल्या असत्या, आणि परतताना बाकीच्यांनी त्यांना पुन्हा परक्या धरलं असतं. तिला फार वाटत होतं, एकदा उचलून उराशी धरावं.

“नको गो. खातात, खाऊंदे.”

ती गाडीत जाऊन बसली.

“झालं ना सेट?” निकेशने विचारलं.

“झाल्या,” ती अगदी हळू म्हणाली. “काच वर कर रे.”