चौबळ गुरुजींची परात

द्वारका घारे कडावच्या शाळेत हंगामी बाई होती. कायम व्हायचं तर हिंदीची परीक्षा पास व्हा, असा वरून हुकूम आला होता. साल सहासष्ट. तालुक्यातले असे बावीस मास्तर आणि बाया दर रविवारी सकाळी कर्जतला अण्णा चौबळ गुरुजींच्या वर्गाला जमायचे. एकवीस जणांना परीक्षा पास व्हायचं होतं. द्वारकाला तिची कळशी परत पाहिजे होती, आणि ती परत देताना अण्णांचं तोंड कसं होतं ते डोळे भरून बघायचं होतं.

अण्णांची शिकवायची पद्धत अशी की, वस्तू आधी आणि पुस्तक नंतर. वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची, टेबलावर मांडायची आणि उभं राहून हिंदीत तिचं वर्णन करायचं. लोटा बड़ा है, थाली बड़ी है. छाता पुराना, चटाई पुरानी. वस्तू बाप्या असली तर विशेषण बाप्या, वस्तू बाई असली तर विशेषणानंही पदर घ्यायचा. सगळा घोळ व्हायचा तो पातेल्यापाशी. मराठीत पातेलं म्हणजे पातेलं, ना तो ना ती; जन्मभर चुलीवर बसलं तरी कुणी त्याची चौकशी केली नाही. हिंदीत असं मधल्यामधे लटकायची सोय नाही.

"मग आमच्या घड्याळाचं काय करायचं गुरुजी?" कशेळ्याचे लडकू मास्तर विचारायचे. "त्येला बाई म्हनायचं?"

"घड़ी अच्छी है. हो, बाईच."

"तरीच. घरात तिचंच चालतं."

उशी हिंदीत गेली की तकिया होते आणि पुरुष होते, हे कळल्यावर तर बाया पदर तोंडात कोंबून हसल्या.

पहिल्या रविवारी सगळ्या वस्तू टेबलावरच राहिल्या. "उजळणीला लागतील," अण्णा म्हणाले. दुसऱ्या रविवारी त्या कपाटात गेल्या. तिसऱ्या रविवारी "शाळेत उंदीर फार" म्हणून हातगाडीवर बसून गल्लीच्या टोकाला अण्णांच्या घरी गेल्या. कर्जतचे उंदीर पितळ खातात हे कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण बोलणार कोण? परीक्षेचा फॉर्म गुरुजींच्या सहीशिवाय हलत नव्हता. अण्णांचा हा चौथा वर्ग. आधीच्या तीन वर्गांचंही कुणाला काही परत मिळालेलं नव्हतं. अण्णांच्या घरात 'मोटा तकिया' डोक्याखाली होता, 'गोल थाली' ताटाच्या जागी होती आणि 'लंबी रस्सी'वर अण्णांचं धोतर वाळत होतं.

त्यात द्वारकाची कळशी. तांब्याची, बुटकी, काठाला किंचित चेपलेली. तिच्या आईनं लग्नात दिलेली. आईनं दुसरं काही दिलं नव्हतं, कारण आईकडे दुसरं काही नव्हतंच. आणि आता आईही नव्हती. त्या रविवारी एसटी सुटायच्या घाईत द्वारकानं हाताला लागली ती वस्तू उचलली, हे तिनं स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

तिनं ती मागितली. "परीक्षा होऊ दे," अण्णा म्हणाले.

महिन्यानं पुन्हा मागितली. तेव्हा अण्णांना लहर आली. "हिंदीत माग. सगळ्यांसमोर. देतो."

द्वारका उभी राहिली. "मेरा गगरी वापस दीजिए."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वर्गाकडे बघितलं. "मेरा गगरी! ऐकलंत? अगं, जिला आपली वस्तू आपली म्हणता येत नाही, तिची ती वस्तू कसली? बस खाली."

वर्ग खदखदून हसला. लडकू मास्तरही हसले, मग त्यांना स्वतःची छत्री आठवली आणि ते गप्प झाले.

तिसऱ्या वेळी ती अण्णांच्या घरी गेली. अण्णांची बायको विमलकाकू परसात होती आणि द्वारकाच्या आईच्या कळशीनं केळीला पाणी घालत होती.

"छान आहे ना?" काकू म्हणाली. "ह्यांच्या एका विद्यार्थिनीनं दिली. फार जीव लावतात हो मुलं."

त्या दिवशी एसटीत बसल्यापासून कडाव येईपर्यंत द्वारकानं अण्णांना मनात चार वेळा मारलं. एकदा लाटण्यानं, दोनदा विहिरीत ढकलून, आणि एकदा त्यांच्या धोतरात खाजकुयली भरून. शेवटचा प्रकार तिला सगळ्यांत आवडला, पण खाजकुयली डोंगरावरून आणायची कुणी?

मग चालत आली ती परात.

वर्ग संपताना गुरुजींना काहीतरी द्यायचं, ही रीतच होती. रीत विसरू नये म्हणून अण्णांनीच दोनदा आठवण केली, आणि समारंभ पुण्याहून येणाऱ्या परीक्षकांच्या समोर व्हावा, असंही सुचवलं. सगळ्यांनी मिळून पितळेची मोठी परात घेतली. तिच्यावर नावं घालून आणायचं काम द्वारकानं आपणहून मागून घेतलं. हिरू कासाराचं दुकान एसटी स्टँडला लागूनच होतं.

तिनं कागदावर लिहून दिलं. वर: 'चौबळ गुरुजींकडे अडकलेल्या वस्तू'. खाली यादी: 'द्वारका घारे, कळशी. लडकू ठोंबरे, छत्री. गोमा भगत, पाट.' अशी बावीस माणसं, बावीस वस्तू. परीक्षक परात हातात घेतील, वाचतील, मोठ्यानं वाचतील, आणि अण्णांना जमीन पोटात घेईल.

"येवढंच?" हिरू कासारानं कागद लांब धरून विचारलं.

"येवढंच. वर-खाली काय घालू नको, हिरूभाऊ."

"ताई, चाळीस वर्सं नावं घालतोय. तालुक्यात माझ्या हातच्या ठोक्याबिगर लगीन लागत नाय."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. खोट होती ती चाळीस वर्षांत. माणूस तेच ते ठोकत राहिला की हात डोक्याला विचारायचं बंद करतो.

परीक्षेच्या दिवशी द्वारकानं परात घेतली तेव्हा ती वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती. सोडून बघायला वेळ नव्हता. परीक्षक येऊन बसले होते. वाळका, ताठ माणूस. पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःचा आणलेला. अण्णांनी चहा पुढे केला तर म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी मी वर्गाकडून चहा घेत नाही."

समारंभ सुरू झाला. अण्णांनी स्वतःच सुतळी सोडली. परात उन्हात झळकली. कडेनं वेलबुट्टी, मधे टपोरी अक्षरं. परीक्षकांनी ती हातात घेतली आणि द्वारकाच्या मनासारखी मोठ्यानं वाचायला घेतली.

"श्री. अण्णासाहेब चौबळ गुरुजी यांस. द्वारका घारे, कळशी. लडकू ठोंबरे, छत्री. गोमा भगत, पाट..." बावीस नावं झाली. "यांजकडून सप्रेम भेट."

द्वारकाला भोवळ आली. हिरू कासाराच्या हातानं 'अडकलेल्या वस्तू' ही बाईंची चूक समजून सुधारली होती, आणि शेवटी चाळीस वर्षांच्या सवयीनं भेटीचा ठोका मारून मोकळा झाला होता. काल कळशी चोरीची होती. आज ती पितळेवर कोरून, साक्षीदारांसमोर, प्रेमानं दिलेली झाली.

अण्णांनी उपरण्यानं डोळे टिपले. आधी त्यांनाही काही कळलं नव्हतं. कळलं तेव्हा ते खरंच गहिवरले. तीन वर्गांनी असं कधी लिहून दिलं नव्हतं.

"हे काय केलंस गं द्वारके?" लडकू मास्तर दात-ओठ खाऊन कुजबुजले. "माजी छत्री सप्रेम? माज्या बायकोला काय सांगू?"

"गप ऱ्हा जरा, मास्तर. इचार करू द्या."

परीक्षकांनी परात खाली ठेवली. तोंडी परीक्षेच्या टेबलावर नजर टाकली. तिथं एक दौत, एक खडू आणि एक डस्टर. घरातलं काही बाहेर निघू नये म्हणून अण्णांनी एवढंच मांडलं होतं.

"बावीस उमेदवार आणि वस्तू तीन?" परीक्षक म्हणाले. "प्रत्येकानं डस्टरचंच वर्णन करायचं? ह्या परातीवर बावीस वस्तू आहेत, त्या आणा. ज्यानं जी दिली, त्यानं तिचं वर्णन करावं. घर जवळच आहे ना आपलं?"

अण्णा हो-नाही करत राहिले, पण परात खोटं बोलू देईना. हातगाडी गेली आणि आली. मागून विमलकाकूही आली, हातात उशी घेऊन, कारण उशी गाडीवरून दोनदा पडली होती.

"आता नियम," परीक्षक म्हणाले. "उमेदवारानं पुढच्या दारानं यायचं, वस्तू हातात घेऊन बोलायचं, आणि मागच्या दारानं जायचं. बाहेर बसलेल्यांना प्रश्न कळता कामा नयेत. आणि शिकवणाऱ्यांनी आत थांबायचं नाही. गुरुजी, तुम्ही पडवीत बसा."

द्वारकानं हे ऐकलं आणि तिची भोवळ गेली. ती लडकू मास्तरांच्या कानाशी वाकली. "हातात घेतलेलं खाली ठेवू नका. पुढं सांगा."

लडकू मास्तरांनी गोमाला सांगितलं. गोमानं पुढं. पडवीतल्या रांगेतून ते वाक्य मुंग्यांसारखं सरकत गेलं.

पहिली द्वारकाच आत गेली. गगरी छोटी है. गगरी ताँबे की है. किनारा थोड़ा टेढ़ा है. बोलताना तिचा हात कळशीच्या चेपलेल्या काठावरून फिरत होता. परीक्षकांनी मान हलवली. ती कळशी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. परीक्षकांनी पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

अण्णा पडवीत बसून होते. माणूस आत जाई, आतून 'काली', 'लंबी', 'पुराना' असं काहीबाही ऐकू येई, आणि माणूस गडप होई. त्यांना परीक्षा छान चालली आहे असं वाटलं. त्यांनी विमलकाकूला सांगितलंसुद्धा, "बघ, एकही रडत बाहेर आला नाही."

बाविसावा गेला. अण्णा आत आले. टेबलावर दौत, खडू, डस्टर आणि परात.

"माझ्या वस्तू?" अण्णांचा आवाज चिरकला.

"ज्याची त्यानं नेली."

"नेली? अहो, त्या मला दिलेल्या आहेत! हे बघा, इथं कोरलंय! सप्रेम भेट! ही चोरी आहे, साहेब!"

आरडाओरडा ऐकून मागच्या अंगणातले बावीस जण वळसा घालून पडवीत आले होते. कुणाच्या डोक्यावर पाट, कुणाच्या काखेत चटाई. लडकू मास्तरांनी कडक उन्हात छत्री उघडली होती. पुढे द्वारका, कमरेवर कळशी.

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. "म्हणजे परीक्षेच्या वर्षी, ज्यांच्या फॉर्मवर तुमची सही लागते, त्या उमेदवारांकडून तुम्ही बावीस भेटी घेतल्या. बरोबर? परातीवर आहेच. मी तसं वर कळवतो. परातही सोबत पाठवतो."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. द्वारकानं ते नीट पाहून घेतलं. वरचे दोन दात किडलेले होते, हे तिला इतक्या रविवारांत दिसलं नव्हतं.

"छे छे, भेटी कसल्या," अण्णा घाईनं म्हणाले. "भेट नाही घेतली मी. वस्तू वर्गापुरत्या होत्या. कासारानं काहीतरी भलतंच कोरलंय."

"मग त्या तुमच्या नाहीत."

"नाहीत."

"कोणाच्या?"

अण्णांनी परीक्षकांच्या पेनाकडे बघितलं, मग दारातल्या गर्दीकडे. "ज्याच्या त्याच्या," ते पुटपुटले.

"असं गोलमाल नको. नाव आणि वस्तू. मी लिहून घेतो."

अण्णांनी परात उचलली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलंच नाव द्वारकाचं होतं. त्यांचा आवाज इतका खाली गेला की पडवीत काही पोचलं नाही.

द्वारका उंबरा ओलांडून आत आली, टेबलासमोर उभी राहिली आणि कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली.

"गुरुजी," ती म्हणाली, "विमलकाकूंना ऐकू आलं नाय. परत बोला."

अण्णा परत बोलले. मग लडकू मास्तरांचं नाव आलं, मग गोमाचं, आणि दर नावाला मागून कुणीतरी "परत!" म्हणत गेलं. बावीस नावांना दुपार झाली. द्वारकाची एसटी सुटली, तरी ती शेवटच्या नावापर्यंत उभी होती.