न पेटलेली वात

…वात नखाएवढी. काचतंतूंची, पांढरी, बॅटरीच्या नव्या द्रावणात भिजून जरा पारदर्शक झालेली — लेकीच्या चोखून ओल्या केलेल्या मोज्याच्या टोकासारखी, असं मनात आलं आणि तिने हातातला चिमटा आणखी आवळला. सकाळपासून तीनदा घरी फोन केला, बंद. लागणार कसा? निघताना तिनेच सासूबाईंच्या फोनचा चार्जर उपटून पर्समध्ये टाकलेला. "अगं, फोन लावलाय चार्जिंगला, बॉम्ब नाही!" त्या हसल्या होत्या. त्यांनी कुठे पाहिलंय… सातवा महिना होता तेव्हा, याच टेबलावर, एका सेलमधून फस्सकन आलेला जाळ — तीन सेकंद फक्त — आणि तिचे दोन्ही हात आपोआप पोटावर. तेव्हापासून नवऱ्याची स्कूटरसुद्धा खाली फाटकाशीच चार्ज होते.

"लावताय ना?" मागून मास्तर. प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. नियम त्यांचाच — ज्याचं द्रावण, त्यानेच जाळ लावायचा. बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून तिने दोनदा सर्दीची सबब सांगून ते टाळलं होतं. "मूल तुमचं आणि नाक आम्ही पुसायचं होय?" मास्तरांनी टोकलंच.

तिने लायटर पेटवला. एक, दोन… ज्योत वातीला चाटून गेली, पुन्हा चाटली. सात, आठ. वात ओलीच्या ओलीच, थंड, हट्टी.

"आधीची दोन द्रावणंही पेटली नव्हती," मास्तर म्हणाले. "पण सेलमधलं लिथियमच खाऊन बसली. न पेटणारी पुष्कळ मिळतात हो, त्याच्याशी नांदणारं हवं."

तिने पडद्याकडे पाहिलं. याच द्रावणाचा सतरा नंबरचा सेल, चार्जिंगची दोनशे बारावी फेरी, आणि क्षमतेची रेषा अजून सपाट, कुठे घसरलेली नाही. उद्या कोसळेलही… मी एवढी भित्री नसते तर इतकी वर्षं याच्यामागे लागले असते का?

फोन वाजला. सासूबाई.

"झोपलीये गं, दीड तास झाला. आणि ओरडू नकोस, शेजारणीचा चार्जर आणलाय मागून. लावलाय इथेच. काढू का?"

काढा — शब्द जिभेवर आलाच होता. समोर चिमट्यात ती वात, अजून ओली. घरचा फोन जुनाच, त्यातलं द्रावण जुनंच, पेट घेणारं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक…

"तिच्यापासून लांब आहे ना?"

"बाहेरच्या खोलीत आहे."

"मग… होऊ दे पूर्ण," ती म्हणाली, आणि कधीपासून आवळून धरलेला चिमटा आपल्या बोटांत सैल होतोय हे नवलाने बघत राहिली.