कपाळावर आठी असलेला वाटसरू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी माणूस आहे. माझ्या कपाळावर आठी दिसते, पण ती तुमच्यासाठी नाही. ती जन्माची आहे.

प्रभू येशूची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. क्रूस वाहून तो थकला, तेव्हा शिपायांनी शेतावरून घरी निघालेल्या एका वाटसरूला धरले आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. तो वाटसरू म्हणजे मी. एका मूर्तिकाराने चर्चसाठी आम्हाला घडवले. पुढे प्रभू, मागे मी आणि दोघांत मिळून एक क्रूस. मूर्तिकाराची लेक मला पॉलिशपेपरने घासत असे. घासता घासता तिने एकदा विचारले,

"बाबा, ह्याचं तोंड एवढं वाकडं का केलंत?"

"त्याला कुठे उचलायचा होता? घरी जायची घाई होती त्याला," मूर्तिकार म्हणाला. "पण उचलला ना? मग झालं."

चर्चमध्ये माझे दिवस बरे गेले. भाविक प्रभूच्या पायांना हात लावत, पण कामावरून दमून आलेली माणसे माझे कोपर धरून उभी राहत. कोपरावरचा रंग उडाला तरी मला त्याचा अभिमान होता. पुढे चर्चचा कारभार नव्या मंडळींकडे आला. हा चिडका चेहरा पाहून भक्तीत मन लागत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी माझ्या जागी क्रूसाखाली लोखंडी गज ठोकला आणि माझी रवानगी अंगणाकडेच्या अडगळीच्या खोलीत झाली. तिथे झाडू, बादल्या आणि मी. हात अजून खांद्याशी उचललेले, पण हातांत काहीच नाही.

तोवर मूर्तिकाराला अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली, एक अंग लुळे पडले. लेकीचे भाऊ दूरगावी होते, त्यामुळे सगळे तिच्या गळ्यात पडले. ती चर्चची साफसफाई करून घर चालवत होती. काम झाले की ओले फडके ती माझ्याच हातांवर वाळत घाले. मला वाईट वाटले नाही. रिकाम्या हातांना तेवढेच काम मिळाले.

म्हातारा अंगाने दांडगा होता. त्याला रोज सकाळी बिछान्यातून खुर्चीत बसवायचे म्हणजे तिची पाठ मोडून जाई. तिची स्तुती मात्र सगळीकडे होत होती. फादरांनी उपदेशात तिचे उदाहरण दिले. बायका आपल्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून शहाणपण शिकवू लागल्या. भाऊ फोनवर तिला देवमाणूस म्हणत. तोंडची वाफ दवडायला कोणाचे काय जाते?

एकदा अंगणात तिने कारभाऱ्यांना गाठले. सकाळी घटकाभर कोणीतरी यावे, बाबांना उचलताना दुसऱ्या बाजूने धरावे, एवढेच तिचे मागणे होते. माझ्या खोलीचे दार उघडे होते, म्हणून मला सारे ऐकू आले.

"बाई, देव झेपेल तेवढंच ओझं देतो," कारभारी म्हणाले. "प्रत्येकाला आपापला क्रूस असतो."

ती आत आली, फडके पिळले, माझ्या हातांवर टाकले आणि माझे कोपर धरून उभी राहिली.

"प्रभूला तर तू मिळालास," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला हलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चचे दार उघडलेच नाही, म्हणून लोक तिच्या घरी गेले. बापाला उचलताना ती कोसळली होती. ती गेली होती, आणि म्हातारा तिच्या शेजारी जमिनीवर जागा पडून होता. हाक मारायला त्याला वाचा नव्हती.

मोठ्या मेणबत्त्या न्यायला माणसे माझ्या खोलीत आली, तेव्हा हे मला कळले. तिचे भाऊही त्यांच्यात होते. शवपेटीला पुढून कोणी खांदा द्यायचा, यावर त्यांची कुजबूज चालली होती. खांदे हवे तेवढे होते. कारभारीही हजर होते. म्हाताऱ्याला मग वृद्धाश्रमात ठेवले. तिथे रोज सकाळी त्याला दोघे जण उचलतात, असे म्हणतात. तिने एकच मागितला होता.

तिचे फडके अजून माझ्या हातांवर आहे, वाळून कडक झालेले. ते काढायचे कोणाला सुचले नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. कोणी ओझ्याखाली वाकलेले दिसले, तर त्याची स्तुती करत उभे राहू नका. मनात नसले तरी चालेल. कुरकुर करा, घरी जायची घाई आहे म्हणा, पण दुसरे टोक धरा. तोंड वाकडे झाले तर होऊ द्या. माझेही आहे.